उसना धीर

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी हॉस्पिटलमधून पळून गेले, तेही पाठीला नाड्या असलेल्या हिरव्या गाऊनमध्ये. अंगावर शाल होती म्हणून मिरजेत अब्रू वाचली. फाटकाशी बिनड्रायव्हरची रिक्षा उभी होती. आत बसले तर ती गोड आवाजात म्हणाली, ‘‘कृपया ठिकाण सांगा.’’ मी म्हटलं, ‘‘आधी चल तर खरी.’’ तर म्हणे, ‘‘असं ठिकाण सापडलं नाही.’’ माणूस असता तर माझ्या तोंडाकडे बघून त्याने रिक्षा हाणली असती. शेवटी मी सांगलीच्या पोहण्याच्या तलावाचं नाव घेतलं, कारण मला तेवढंच एक आठवलं.

तो तलाव म्हणजे माझं आयुष्य. मी पद्मजा चौगुले, वय एक्कावन्न, पोहण्याची शिक्षिका. कृष्णेला पूर आला की सांगलीतल्या आईबापांना जाग येते आणि पाणी ओसरायच्या आत ते पोरं घेऊन माझ्याकडे हजर होतात. माझ्या गळ्यातली शिट्टी आणि माझी जीभ, दोन्हींना पोरं सारखीच घाबरतात. घाबरलेलंच बरं. न भिणारं पोर मी कधी खोल बाजूला सोडत नाही. पट्टीचा पोहणाराच बुडतो, ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

हे मला शोधत आले तेव्हा मी तलावाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसले होते. हे म्हणजे माझे यजमान, बाहुबली चौगुले. मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. लिलावात शंभर माणसांत यांचा आवाज सगळ्यांच्या वर असतो, आणि घरी पाल दिसली की आधी मला हाक मारतात. माझ्याशेजारी बसले, बूट भिजवले आणि म्हणाले, ‘‘पद्मा, असं करू नको गं. माझं काय होईल, याचा तरी विचार कर.’’

मला ते ऐकून भरून आलं होतं. आज तेच वाक्य आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मला मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला कॅन्सर झाला होता. आमच्याकडे आजार कुणाला झालाय हे त्याला स्वतःला सगळ्यांत शेवटी कळतं. आधी यांना कळलं, मग माझ्या भावाला, मग पुण्याच्या लेकीला. मला मात्र ‘साधी गाठ आहे’ असं सांगून चाललं होतं. डॉक्टर मगदूम सरळ माणूस, त्यांनीच एकदा सगळ्यांना बाहेर काढून मला समोर बसवलं आणि कागदावर चित्र काढलं.

‘‘मॅडम, गाठ काढायचीच आहे, त्याला पर्याय नाही. पण नंतरचे रस्ते दोन आहेत. एक, उरलेलं आतडं खाली जोडायचं. जोड भरेपर्यंत काही महिने पोटावर पिशवी, मग ती बंद करायची. पण जोड इतका खाली आहे की तो सुटू शकतो. सुटला तर पुन्हा ऑपरेशन, कदाचित जिवावरचं. दुसरा, जोडायचंच नाही. पोटावरची पिशवी कायमची. धोका कमी, पण परतीचा रस्ता नाही.’’

‘‘तुम्ही काय कराल माझ्या जागी?’’

‘‘मी पोहत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पिशवी लावून पोहता येतं, पोहणारे लोक आहेत. पण ते सोपं आहे असं मी सांगणार नाही. दोन्ही रस्ते चुकीचे नाहीत. ठरवायचं तुम्ही.’’

मी ठरवलं होतं. जोडायचं. त्या तलावावर बायका आणि पोरं यांच्यासमोर मी पोहण्याच्या वेषात उभी राहते. माझं अंग हीच माझी पाटी आणि हाच माझा खडू. धोका आहे तर आहे, पण तो मी घेणार होते. यांना तसं स्वच्छ सांगितलं होतं. यांनी मान डोलावली होती.

आणि तरीही मी पळाले, कारण ठरवणं वेगळं आणि टेबलावर जाऊन पडणं वेगळं. म्हणूनच मग ऑपरेशन पुढे ढकललं आणि ‘निवांत’ आलं.

निवांत म्हणजे कानाच्या खोलगट भागात बसणारी, मसुराच्या डाळीएवढी एक वस्तू आणि बरगडीखाली चिकटवायची एक पातळ चकती. रूथ सिस्टरने मला ते नीट समजावून सांगितलं. पेशंटची ऑपरेशनआधीची तयारी तीच करून घेते. आपल्या आतड्याला मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं, एक धाकटा मेंदूच म्हणा. डोक्यातल्या मेंदूपासून पोटापर्यंत एक लांब नस उतरते, तिला भटकी नस म्हणतात. गंमत अशी की या नसेतून डोक्याकडून पोटाकडे जितके निरोप उतरतात, त्याच्या कितीतरी पट पोटाकडून डोक्याकडे चढतात. भीती वाटली की पोटात गोळा येतो, हे आपल्याला माहीत असतं. पण पोटात गोळा आला की मेंदू घाबरतो, हेही तितकंच खरं आहे. या नसेची एक बारीक फांदी कानात येते. चकती पोटाची कुजबुज ऐकते, आणि गोळा उठायला लागला की कानातली डाळ त्या फांदीला अगदी हलका विजेचा झटका देते. वर जाणारा घाबरा निरोप वाटेतच विरतो.

हे नुसतं मनाच्या समाधानासाठी नव्हतं. घाबरलेल्या माणसाचं आतडं ऑपरेशननंतर संपावर जातं. वारा सरत नाही, पोट फुगतं, जखम उशिरा भरते. निवांत लावलेले पेशंट लवकर उठतात, लवकर खातात, लवकर घरी जातात.

एक गोष्ट मात्र आपली, देशी. बाहेरच्या देशात त्या यंत्राची पातळी पेशंट ठरवतो किंवा डॉक्टर ठरवतो. आपल्याकडे नातेवाईक ऐकेनात. ‘आम्ही काय नुसतं डबा घेऊन उभं राहायचं का?’ असं म्हणून लोकांनी हॉस्पिटलांचं डोकं खाल्लं. मग कंपनीने ‘आप्त’ म्हणून सोय काढली. घरच्या एका माणसाच्या फोनवर एक सरकपट्टी येते. पेशंट फारच घाबरला तर त्या माणसाने अंगठ्याने ती वर सरकवायची.

रूथ सिस्टरने विचारलं, ‘‘आप्त कोण?’’

‘‘अहो, हेच की. दुसरं कोण?’’ मी म्हटलं आणि यांचा फोन माझ्याच हाताने तिच्याकडे दिला.

तयारीचे ते दिवस चांगले गेले, हे खोटं कशाला बोलू. फुंकून तीन चेंडू वर उचलायचं ते श्वासाचं खेळणं मी पहिल्याच फटक्यात जिंकलं. सिस्टर म्हणाली, वॉर्डात असं कुणी केलं नव्हतं. कुशीवर वळून हाताच्या आधाराने कसं उठायचं, खोकताना पोटाशी उशी कशी धरायची, सगळं घोकलं. सिस्टरने मला उभं केलं, बसवलं, वाकवलं, साडीची गाठ कुठे येते ते बघितलं आणि पोटावर पेनाने एक टिंब काढलं. पिशवी इथे येणार. रिकाम्या पिशवीत पाणी भरून ती तिथे चिकटवून मी घरभर फिरले, भाकऱ्या थापल्या, जिना चढले. काही महिन्यांची पाहुणी आहे म्हणून तिला सांभाळून घेत होते. पोटात गोळा उठायचा आणि वर यायच्या आत विरघळायचा. हे मला सारखे विचारायचे, ‘‘बरं वाटतंय न्हवं?’’ आणि मला बरं वाटायचं.

सहीचा दिवस आला. सही घेण्याआधी निवांत शून्यावर आणायचं, असा नियम आहे. भानावरच्या माणसानेच ठरवावं म्हणून. रूथ सिस्टरने तिच्या यंत्रावरून ते शून्यावर आणलं. पुन्हा लावताना जागा चुकते म्हणून कानातून काढलं नाही. नियम करणाऱ्यांनी पेशंटचा विचार केला, डॉक्टरचा केला. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या नवऱ्याचा कुणी केला नाही.

थोड्या वेळाने भीती जागी झाली. हात गार पडले. मला तलावाचा वास आला, क्लोरिनचा, आणि वाटलं की उठावं आणि चालू लागावं. मगदूम डॉक्टर आले. मी तोंड उघडलं, ‘जोडायचं’ म्हणायला. आणि एकदम मोठी जांभई आली. मी हसले. अंग सैल झालं, सकाळी पहिल्यांदा पाण्यात शिरल्यावर होतं तसं.

‘‘बोला मॅडम, जोडायचं ठरलंय ना?’’

‘‘कशाला हो एवढा खटाटोप?’’ मी म्हणाले. तो आवाज माझाच होता. ‘‘कायमची पिशवी करून टाका. परत परत कोण चिरफाड करून घेतंय?’’

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. पुन्हा विचारलं. परतीचा रस्ता नाही, हेही पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, ‘‘माहीत आहे. आणा कागद.’’ कोपऱ्यात हे मान खाली घालून फोनमध्ये बघत होते. मला वाटलं, हळदीचा भाव बघतायत.

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात चालत होते, आतडं संपावर गेलं नाही, चघळायला दिलेलं च्युइंगगम चघळत मी शेजारच्या बाईला श्वासाचे धडे देत होते. लेक येऊन, डोळे पुसून, पुण्याला परतली. सगळे म्हणाले, पद्मजाची हिंमत बघा. मी ती शाबासकी घेतली. जखम भरेपर्यंत निवांत कानातच ठेवायचं, असं सांगून मला घरी सोडलं. घरी आल्यावर एका दुपारी पिशवी बदलताना आरशात आतड्याचा तो लालसर, ओला कोंब बघितला आणि पहिल्यांदा माझ्या मनात प्रश्न आला, की मी हे का मागितलं?

घाबरून नव्हे, खरंच कुतूहलाने. आठवण पक्की होती, शब्दन् शब्द आठवत होता. फक्त त्यामागची मी सापडत नव्हती. जोडायचं म्हणून महिनाभर हट्ट धरून बसलेली बाई एका जांभईत कुठे गेली?

आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होतात. त्या दिवशी जेवण झाल्यावर मी यांना विचारलं, ‘‘अहो, मी त्या दिवशी असं कसं म्हणाले हो? तुम्हाला काही बोलले होते का आधी?’’

हे ताट सारून उठले. मग हात धुऊन आले, माझ्यासमोर बसले, फोन मांडीवर ठेवला.

‘‘पद्मा, मी तुला सांगणारच होतो. तू थरथरत होतीस. मला वाटलं, परत पळतीस आता. म्हणून मी जरा वर केलं.’’

‘‘काय वर केलं?’’

‘‘ते निवांत. सही करायच्या वेळी. जोड सुटला तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलंय तेव्हापासून मला झोप न्हवती गं. तू जोडायचंच म्हणत होतीस. मला ते झेपलं नसतं.’’

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आत काहीतरी उठू बघत होतं, मग ते बसलं. हे रडत होते. मला त्यांची फार दया आली. मी त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘जाऊ द्या हो. जीव वाचवायलाच केलंत ना? मी नाही धरत मनात.’’ त्यांनी माझे हात धरून कपाळाला लावले. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण इतकं गोड बोलणं आमच्यात कधी झालं नव्हतं. मी शांत झोपले.

सकाळी चहा उकळत होता आणि माझ्या हातातली चिमट्यात धरलेली पातेली वाजायला लागली. राग आला होता. सगळा, एकरकमी, रात्रभर कुठेतरी अडवून ठेवल्यासारखा. माझ्या पोटाला कायमचं भोक पाडायचं या माणसाने ठरवलं, माझ्या तोंडून ते वदवलं, वर मला हिंमतवान म्हणून मिरवलं. आणि मी काल याच्या केसांवरून हात फिरवला! ज्या बाईचा राग साऱ्या सांगलीला माहीत आहे ती काल रागावली कशी नाही?

मी गॅस बंद केला. बाहेरच्या खोलीत हे पेपर वाचत होते.

‘‘काल मला सांगताना फोन मांडीवर होता तुमचा.’’

पेपर खाली आला.

‘‘अंगठा कुठे होता?’’

त्यांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग चोरी पकडलेल्या पोरासारखे पेपरची घडी घालायला लागले. मला उत्तर मिळालं. सहीच्या दिवशी यांनी माझी भीती पळवली, हे एक वेळ समजलं असतं, जीव अडकला होता म्हणून. पण काल यांनी माझा राग पळवला आणि त्याच्या जागी माफी ठेवली. स्वतःलाच क्षमा करून घेतली, माझ्या तोंडाने. सव्वीस वर्षांत यांनी मला कधी हात लावला नाही, शिवी दिली नाही. पण याच्याइतकं वाईट मला कुणीच वागवलं नव्हतं.

‘‘तुला त्रास होऊ नये म्हणून...’’

‘‘मला की तुम्हाला?’’

मी रिक्षा बोलावली. या खेपेला ठिकाण माहीत होतं. हे मागून धावत येऊन बसलेच. मगदूम डॉक्टरांच्या खोलीत मी म्हटलं, निवांत काढून टाका. डॉक्टरांनी सवयीने यांच्याकडे बघितलं. ‘‘काय साहेब, काही झालं का?’’

‘‘मला विचारा,’’ मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला. ‘‘आमच्या पडद्यावर तेव्हा शून्यच होतं, मॅडम. आप्तच्या फोनवरून वाढवलेलं तिथे दिसत नाही. तुम्ही हसत होतात. मला वाटलं, धीराच्या आहात.’’

‘‘तुम्हाला नवल वाटलं होतं. तुम्ही दोनदा विचारलंत.’’

‘‘विचारलं.’’

‘‘तिसऱ्यांदा का नाही विचारलंत?’’

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. ‘‘कारण मला ते उत्तर आवडलं होतं. धोक्याचं ऑपरेशन टळत होतं.’’ निदान एक माणूस तरी खरं बोलला. मग ते म्हणाले, ‘‘मी याची तक्रार वर करणार आहे, आप्तची सोय बंद व्हायला हवी. पण निवांत आत्ता काढू नका. जखम अजून कच्ची आहे. एकदम काढलं तर अडवलेली भीती उसळून येईल. पोट पिळवटेल, झोप जाईल.’’

‘‘येऊ द्या. माझीच आहे ना ती?’’

‘‘पद्मा, ऐक जरा डॉक्टरांचं...’’ हे म्हणाले.

‘‘तुम्ही बाहेर बसा,’’ मी म्हणाले. आणि पहिल्यांदाच हे बाहेर जाऊन बसले.

रूथ सिस्टरने कानातली डाळ काढली, चकती सोडवली. नंतरचे दिवस वाईट होते. डॉक्टर म्हणाले त्याच्या दुप्पट वाईट. ऑपरेशनच्या आधीची भीती ऑपरेशन होऊन गेल्यावर आली, वरात निघून गेल्यावर वाजंत्री यावी तशी. मी पाहिलेल्या प्रत्येक वाईट स्वप्नाने रांग लावली. पोट दुखायचं, पिशवी फुगायची, एकदा पातळावर सांडली आणि मी न्हाणीघरात बसून ओक्साबोक्शी रडले. हे दाराबाहेरून विचारायचे, ‘‘आत येऊ का?’’ मी म्हणायचे, ‘‘नको.’’

त्या दिवसांत एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा छळत होती, आणि ती पिशवी नव्हती. त्या दिवशी कानात काही नसतं, हात कापत असते, डॉक्टरांनी विचारलं असतं, तर कदाचित ऐन वेळी मीच म्हणाले असते की कायमची करा. घाबरून माणूस शहाणा होतो कधीकधी. म्हटलं असतं किंवा नसतं. ते आता कुणालाच कळणार नाही, मलाही नाही. आतडं गेलं त्याचं दुःख मी सोसेन. पण माझा निर्णय काय होता, हेच माझ्यापासून कायमचं काढून घेतलं गेलं. ते भोक कुठल्या पिशवीने झाकायचं?

मग एका दुपारी, भीती जरा ओसरल्यावर, मी यांना हाक मारली. समोर बसवलं. माझे हात अजून कापत होते आणि मी ते लपवले नाहीत.

‘‘मला सांगा,’’ मी म्हणाले.

‘‘काय सांगू?’’

‘‘त्या दिवशी सही करताना काय केलंत, आणि मग सांगताना काय केलंत. सगळं. आता मी जागी आहे.’’

यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. तिथून परत आला. गुडघ्यावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. लिलावात शंभर माणसांवर चढणारा तो आवाज फुटेना. ‘‘पद्मा, ते झालं ते झालं... पाणी आणू का तुला?’’

‘‘नको. सांगा.’’

ते उठून उभे राहिले, बसले. कपाळावर घाम आला होता. ओठ हलत होते आणि डोळे माझ्या तोंडावर खिळले होते, मी आता काय करीन या धास्तीने. तेव्हा मला लख्ख दिसलं. सुरुवातीपासून भीती या माणसाला वाटत होती, आणि यंत्र माझ्या कानात होतं.

मला दया आली. खरीखुरी, माझी स्वतःची. ती मी त्यांना दाखवली नाही.

‘‘मला भीती वाटते गं तुझी,’’ शेवटी ते म्हणाले.

‘‘वाटू द्या,’’ मी म्हणाले. ‘‘घाबरत घाबरत सांगा. मी कुठे जात नाहीये.’’

त्यांनी सुरुवात केली, अडखळले, परत पहिल्यापासून सुरू केलं. मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘माफ केलंस?’’

मी म्हटलं, ‘‘नाही.’’